बाप पाहत असताना

खडीगंमतीत, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, ढोलकीवाल्याला बसून वाजवता येत नाही. ढोलकी कमरेला बांधायची आणि साडी नेसून नाचणाऱ्या नाच्याबरोबर रात्रभर पाय टाकत राहायचं. तो पुढे सरकला की पुढे, हटला की मागे. त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या टाचाच मला जास्त दिसतात. टाच नीट पडली की घसरली, चाळ बोलली की नुसती हलली, दम कुठे संपत आला, हे मला मांडवातल्या लोकांच्या आधी कळतं. 'बिली एलियट' मी पाहिलं तेही याच नजरेनं.

लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरातला प्रयोग २०१४ साली चित्रित झाला होता. तो तालमीतल्या एका पोरानं आम्हा सगळ्यांना दाखवला. इंग्लंडातल्या डरहॅमकडचं कोळसा खाणीचं गाव, १९८४-८५ चा मोठा संप, बाप आणि थोरला भाऊ दोघंही संपावर. धाकट्या बिलीला बॉक्सिंग शिकायला धाडलेलं, तर तो मुलींच्या बॅलेच्या वर्गात रमलेला. ली हॉलचं लेखन आणि एल्टन जॉनचं संगीत असलेलं हे नाटक २००५ साली रंगभूमीवर आलं. आमच्या बालाघाटातल्या भरवेलीत मँगनीजची खाण आहे, जमिनीखाली खोल उतरलेली. तालमीतल्या बहुतेक पोरांच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे पाळीवर जातं. शेवटी संप हरलेले खाणकामगार डोक्यावर दिवे लावून पुन्हा खाली जायला निघतात, ते पोरांना समजावून सांगावं लागलं नाही.

त्यातलं एक गाणं मी पुन्हापुन्हा लावून पाहिलं. एकाच वेळी रंगमंचावर संपकरी आहेत, पोलीस आहेत आणि मधोमध बॅलेचा वर्ग चालू आहे. पोलिसांची रांग मुलींच्या रांगेतून आरपार जाते आणि ताल कुठेही तुटत नाही. नृत्यरचना पीटर डार्लिंगची. पडदा नाही, अंक पाडलेला नाही, नुसत्या हालचालीवर जागा बदलते. आमच्याकडे शाहीर दोन पावलं मागे सरतो आणि गवळणीची वाट संपून बतावणीतलं घर उभं राहतं. त्यामुळे ही विद्या मला परकी वाटली नाही.

बॅले मात्र परकाच. त्यात अंग सतत वर ओढलेलं असतं. धानाच्या रोवणीत वाकलेलं, घमेली उचललेलं अंग जमिनीकडे वजन टाकतं आणि आमचा नाच त्याच वजनावर उभा आहे. म्हणून पहिल्या अंकाच्या अखेरीचा रागाचा नाच मला सगळ्यांत जवळचा वाटला. पोलिसांच्या ढालींवर आदळत तो पोरगा बुटांनी ताल वाजवतो. तिथे पाय हेच वाद्य आहे. त्याला मी सरळ ढोलकीची साथ केली असती.

हे काम एका पोरानं पेलणारं नव्हे. लंडनला सुरुवातीपासूनच तीन मुलं आळीपाळीनं बिली होत. २००६ चा ऑलिव्हिए पुरस्कार त्या तिघांना मिळून दिला गेला. आवाज फुटला, उंची वाढली की नवा बिली शोधायचा. आमच्या पोरांना अशी पाळी मिळत नाही. दुय्यम असला, म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना असला, की एकच पोरगा रात्र काढतो. १९५६ साली भंडारा त्या वेळच्या मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तरी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला वाघ नदीपलीकडच्या पार्ट्या अजून येतात. त्यांच्यासमोर नाच्या थकून चालत नाही.

आता साडीबद्दल. नाटकात बिलीचा एक मित्र आहे, मायकल. त्याला मुलींचे कपडे घालायला आवडतात. नाचणारा बिली एक आणि मायकल दुसरा, असं नाटकानं दोघांना वेगळं ठेवलं आहे. खडीगंमतीत असं वेगळं करता येत नाही. ज्याला साडीच हवी असते तो आणि ज्याला फक्त नाच हवा असतो तो, दोघंही एकाच साडीत उभे राहतात. पहिल्याला तिथे वर्षातून काही रात्री मोकळा श्वास मिळतो. ती जागा कुणी हिरावू नये, असं मला मनापासून वाटतं. पण दुसऱ्याला स्वतःच्या रूपात नाचायला गावात जागाच नाही. बिलीला नाचासाठी गाव सोडावं लागतं. आमचा पोरगा गावातच नाचतो, फक्त तो म्हणून नाचत नाही, आणि सकाळी चावडीवर त्याला साडीवरून हाका मारतात.

बिलीचा बाप वाद घालून बदलत नाही. रिकाम्या हॉलमध्ये नाचणारा मुलगा त्याच्या नजरेस पडतो आणि तो थेट बॅलेच्या शिक्षिकेचं दार गाठतो. ते पाहून आमच्यातला एक पोट्टा म्हणाला, "काकाजी, बापाले दिसलं पायजे जी. सांगून नाही समजत."

यंदा मंडईसाठी आम्ही एक तुकडा बसवतो आहोत. गाणं नाही, साडी नाही. चार पोरं पँट-सदऱ्यात, पायात चाळ आणि मध्ये मी. शाहिरांना तो सुरुवातीलाच उरकून टाकायचा आहे. मी रात्री बाराची वेळ मागितली आहे. दुसऱ्या पाळीची माणसं तोवर घरी जाऊन, जेवून मांडवात आलेली असतात, आणि या चारांपैकी तिघांचे बाप त्याच पाळीला आहेत.