कापसाच्या पैशातली गाडी

परभणी जिल्ह्यात पैसा हंगामाने येतो. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर बाजारात जाते, कापसाची वेचणी पुढे फरदडीपर्यंत चालते आणि मधले महिने हातउसन्यावर निघतात. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. नोकरदाराला तो झेपतो. शेतावर चालणाऱ्या घराने नव्या गाडीसाठी सात वर्षांचे कर्ज घेणे म्हणजे सात पावसाळ्यांचा भरवसा धरणे. म्हणून कापूस विकून एकरकमी घेतलेली जुनी अल्टो किंवा वॅगनआर मला या मुलखाची खरी गाडी वाटते. किंमत पहिल्या काही वर्षांतच सपाटून उतरते आणि तो घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पालमच्या एखाद्या खेड्यातून अपरात्री बाळंतिणीला परभणीला न्यायचे असते, तेव्हा गाडी दारात आहे एवढेच पुरते.

जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे, असे लोक म्हणतात. नुसता रंग पाहून सौदा केला तर ते खरेच आहे. मीटर मागे फिरवता येते; पण क्लचच्या पॅडलचे झिजून गुळगुळीत झालेले रबर त्या मीटरला खोटे पाडते. बैलाचे दात पाहावेत तसे टायरच्या कडेचे चार आकडे वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. इथल्या मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीचेही रबर तडकते. आणि आपली काळी माती! चाकाच्या कमानीत ती थापून बसते, ओल धरते आणि वरून चकचकीत दिसणारा पत्रा आतून गंजतो. तिथे हात घालून चाचपावे.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र वजनदार आहे, तो मी मान्य करतो. चालकापुढची एअरबॅग नव्या गाड्यांना १ जुलै २०१९पासून सक्तीची झाली. त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून फार मागच्या सालची गाडी घेऊ नये. थोडे जास्त मोजावेत, पण एअरबॅग असलेलीच घ्यावी. बाँडवर सही करून व्यवहार संपवण्याची रीतही सोडावी. अपघाताची भरपाई आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्या अंगावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सांगितले आहे. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घेण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही हवी.