चिंचोक्यांचं मतदान

२१ जानेवारी २०२५, मंगळवार
कंपनीची बाई आली होती. पांढरे बूट, गल्लीतून जपून पाय टाकत. "ताई, तुम्ही बालवाडीत होतात ना? लोक तुमचं ऐकतात." काम निघालं की सगळे हेच म्हणतात. सीएसआरचे पैसे आहेत, वस्तीसाठी. ओपन जिम की पाण्याचं एटीएम, एवढंच सांगायचं. उद्या अकराला बैठक.

२२ जानेवारी
सकाळी अकराला वस्तीत असतं कोण? बाया मगरपट्ट्यात धुण्याभांड्याला, पुरुष रामटेकडीला शिफ्टवर. आले चौदा जण. निम्मे कार्यकर्ते, दोघे पेन्शनर, बाकी रात्रपाळीची झोप अर्धी राहिलेले. बाईनं फोटो काढले. कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या. मीही केली. का केली?

२८ जानेवारी
सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे, त्या हातपाय लुळे करणाऱ्या आजाराचे, पेशंट वाढतायत. खराब पाण्यामुळं म्हणतात. हडपसरला घरोघरी पाणी उकळणं सुरू. सिलिंडर लवकर संपणार. आता पाण्याच्या एटीएमला नाही कोण म्हणेल?
मला मात्र अभ्यासिका हवी. दहावीची पोरं चिंचेखालच्या बाकावर बसून वाचतात. तो बाक मीच मागितलेला, पालिकेच्या अंदाजपत्रकात. आपल्या भागातलं काम नागरिकांनी सुचवायचं, हे पुण्यात २००६ला सुरू झालं, नितीन करीर आयुक्त असताना. फॉर्म भरला, बाक आला. कंपनीच्या पैशाला असा फॉर्म नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
नातू बी.कॉम.ला आहे. म्हटलं, कायदा वाचून दाखव. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चायचे, तेच हे सीएसआर. कंपनी जिथं आहे त्या भागाला आधी द्यायचे. कशावर खर्चायचे ते समिती सुचवते. समितीत कोण? संचालक. "आणि आपण?" त्यानं मोबाइल वर केला, खाली केला. आपण कुठंच नाही.
"विचारू नका असंही नाही लिहिलेलं, आजी."

५ फेब्रुवारी
बाईचा फोन. मार्चएंड आहे, लवकर ठरवा.

९ फेब्रुवारी
रात्री साडेआठला आमची आम्ही बैठक घेतली. मालिका सोडून बाया आल्या.
एटीएमवर बोलणं चाललेलं. मागच्या गल्लीतली एक सून, कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "आम्ही रात्रीचं पाणीच पीत नाही." झालं. मग एकेक सुरू झाली. सार्वजनिक संडासाच्या बायकांच्या बाजूला दिवा नाही. दोन दारांना कडी नाही. एक आत, एक बाहेर दार धरून. रात्री जायला नको म्हणून संध्याकाळपासून घोट नाही.
मावशी जुनं सांगत होती. १९९९-२०००ला रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना पुण्यात वस्त्या-वस्त्यांत संडास बांधले, संस्था आणि वस्तीतल्या बाया मिळून. आमचाही तेव्हाचाच. वर राखणदाराची खोली, घरदार घेऊन राहायचा. तो गेला, मग कड्या गेल्या.
माझ्या घरात आठ वर्षांपूर्वी संडास झाला. त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. आणि म्हणे लोक माझं ऐकतात.

१० फेब्रुवारी
बाईला फोन केला. देखभालीला पैसे बसत नाहीत म्हणाली. काहीतरी उभं करायचं असतं, उद्घाटन होईल असं. मग स्वतःच हसली. मुलगी वाईट नाही.

११ फेब्रुवारी
नातवानं पुढचं वाचलं. परवानगीच्या कामांची यादी, सातवी अनुसूची. तिच्यात पहिल्याच कलमात स्वच्छता. दुसरी गोष्ट, काम 'चालू प्रकल्प' म्हणून घेतलं तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं चालवता येतं. न संपलेले पैसे वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे. म्हणजे राखणदाराचा पगार बसतो!
"मग मार्चएंडचं काय?"
"अर्धं खरं. चालू प्रकल्प नसेल तर उरलेले पैसे सहा महिन्यांत सरकारी निधीत जातात."

१६ फेब्रुवारी, रविवार
मतदान. चार डबे, चारही डब्यांवर चित्रं, कारण वाचता सगळ्यांना येत नाही. माणशी एक चिंचोका.
वयावरून भांडण. अठराच्या पुढचेच, असं पुरुषांचं म्हणणं. आठवीतल्या दोन पोरी उभ्या राहिल्या, "संडासला आम्ही पण जातो." चौदा ठरलं.
एक महाशय खिसाभर चिंचोके घरून घेऊन आले. मावशीनं वाटायचे चिंचोके आदल्या रात्रीच गेरूत बुडवून ठेवलेले. महाशयांचे काळे निघाले. वस्ती हसली.
संडास १४२, पाणी ६३, अभ्यासिका २८, जिम ९.
त्या २८ मध्ये माझा आहे का, ते लिहीत नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
बाई साहेबांना घेऊन आली. आमच्या वेळेला, रात्री. साहेब बाकावर बसले. साबुदाण्याची खिचडी खाल्ली. संडास बघून आले, तेव्हा बोलत नव्हते. हिशेब कोण ठेवणार, विचारलं. पाच बायांची नावं दिली. मागच्या गल्लीतली सून त्यात आहे.
"बोर्डापुढं ठेवतो."

७ मार्च
काही नाही.

१२ मार्च
काही नाही. पोरं होळीला लाकडं मागतायत.

१८ मार्च
पत्र आलं. दारं, दिवे, राखणदाराचा एक वर्षाचा पगार. पुढच्या दोन वर्षांचं 'आढाव्यानंतर'. आणि जिमही! सामान आधीच मागवलेलं होतं म्हणे. नऊ चिंचोक्यांची जिम.
नातू चिडला. मी नाही. आढावा कोण घेणार ते पत्रात नाही. आम्ही घेणार, असं उलट कळवलं. साध्या कागदावर, पाच सह्या. या वेळी मजकूर आधी लिहिला.

३० मार्च, पाडवा
जिमचं उद्घाटन. फीत, पेढे, फोटो. संडासाला फीत नाही. पाटी मात्र लागली, कंपनीच्या नावाची, दारापेक्षा रुंद.

६ एप्रिल
कड्या बसल्या. आतून.

८ एप्रिल
वरची खोली झाडली. राखणदार सोलापूरकडचा, बायको आणि एक पोरगं.

१३ एप्रिल, रविवार
रात्री दहाला मुद्दाम गेले. आठ वर्षांनी. दिवा होता. मी आत असताना गेला. बटण बाहेरच्या भिंतीला बसवलंय, पोरं बंद करून पळतात. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच.