मोसमाचा पहिला रविवार

सतरा वर्षं पूर्ण होऊन जेमतेम दीड महिना झालेला एक किडकिडीत, लांब हातापायांचा इटालियन मुलगा ३१ मार्च १९९६ रोजी मलेशियातल्या शाह आलम सर्किटवर उभा होता. नाव व्हॅलेंटिनो रॉसी, गट १२५ सीसी, गाडी अप्रिलिया. जागतिक अजिंक्यपद मालिकेतली ही त्याची पहिलीच शर्यत. तो सहावा आला. सहाव्या क्रमांकाचे दहा गुण मिळाले, पण व्यासपीठ नाही, शँपेन नाही. पुढे नऊ विश्वविजेतेपदं मिळवलेल्या माणसाची जागतिक कारकीर्द इतक्या साधेपणानं सुरू झाली.

गाडीवरचा ४६ हा आकडा वडिलांचा. ग्राझियानो रॉसी १९७९ साली मोरबिडेल्ली गाडीवर २५० सीसी गटातल्या तीन ग्रांप्री शर्यती जिंकले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हॅलेंटिनोचा जन्म झाला. मुलानं तो आकडा उचलला आणि विश्वविजेत्याला मिळणारा १ नंबर हक्काचा असतानाही मोटोजीपी या मुख्य गटात कधी सोडला नाही. पुण्या-कोल्हापुरात पल्सरच्या नाहीतर आर-१५ च्या टाकीवर पिवळा ४६ चिकटवलेला आजही दिसतो, तो हाच.

तावुलिया या त्याच्या डोंगराळ गावातली मुलं आपे चालवायची. बारामतीच्या कारखान्यातून निघणारी आणि आपल्याकडे गावोगावी सहा आसनी म्हणून भरून जाणारी तीच पियाजिओची तीनचाकी, फक्त तिकडची ५० सीसीची. दुचाकीपेक्षा ही बरी, एवढ्याच हिशेबानं वडिलांनी ती मुलाला घेऊन दिली. मुलानं घाटातल्या वळणांवर मित्रांशी तिच्याच शर्यती लावल्या. १९९३ साली त्याला कागिवा मितो ही खरी शर्यतीची १२५ सीसी मिळाली. पिटमधून बाहेर पडून शंभर मीटरही झाले नसतील, पहिल्याच वळणावर तो पडला. गाडीचं नुकसान झालं, पण त्याच वीकेंडच्या शर्यतीत तो नववा आला.

पहिल्या वीकेंडची गंमत अशी, की तिथं सगळ्यांचे गुण शून्य असतात आणि सगळा हिवाळा एका दिवसात उघडा पडतो. नोव्हेंबरात मोसम संपतो. मग इंजिन बदलतं, चौकट बदलते, टायर बदलतात, कधी संघच बदलतो. चाचण्यांमध्ये कुणी हलक्या टाकीनं एखादी जलद फेरी मारून घेतो, कुणी मुद्दाम हातचं राखून ठेवतो. त्यामुळे फेब्रुवारीतल्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. शुक्रवारचा सराव आणि शनिवारची पात्रता फेरी झाली, की रविवारी मात्र पूर्ण टाकी आणि पूर्ण अंतर असतं, आणि शेजारी तितकीच घाई असलेली माणसं.

नवख्याला याहून जास्त अडचणी असतात. १९९६ मध्ये घरी बसून सर्किट पाठ करण्याची सोय नव्हती. ब्रेक कुठे लावायचा, कोणत्या वळणात कोणता गिअर, हे तिथं जाऊन दोन दिवसांत शिकायचं. १२५ सीसीची टू-स्ट्रोक गाडी हवामानाला फार संवेदनशील. मलेशियाच्या दमट उकाड्यात कार्बोरेटरचा जेट चुकला की इंजिन ओढत नाही किंवा जॅम होतं. ताकद थोडी असल्यामुळे सरळ रस्त्यावर पुढच्याच्या मागे, त्याच्या हवेच्या आडोशाला राहावं लागतं. एकटा पडलात तर संपलात. अशा घोळक्यात पहिल्याच दिवशी सहावा येणं सोपं नाही. त्या मोसमात तो पुष्कळदा पडला, ऑगस्टमध्ये ब्रनोला पहिली शर्यत जिंकला आणि एकूण नववा राहिला. पुढच्या वर्षीचा पहिला रविवार पुन्हा शाह आलमला होता. तो जिंकला आणि वर्षअखेर विश्वविजेता झाला.

हाच क्रम पुढे दोनदा घडला. १९९८ मध्ये २५० सीसीत आला, तेव्हा जपानमधल्या सुझुकाची पहिली शर्यत पूर्णही करता आली नाही; १९९९ मध्ये पहिल्या शर्यतीत पाचवा, शेवटी विजेता. २००० मध्ये ५०० सीसीत आला आणि दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला पहिल्याच शर्यतीत पडला. २००१ मध्ये प्रतिस्पर्धी मॅक्स बियाजीनं ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगात कोपरानं ढकललं असतानाही सुझुकाची पहिली शर्यत जिंकला. तो होंडाचा पाचशेवा ग्रांप्री विजय होता, आणि त्याही वर्षी विजेतेपद त्याचंच. पहिलं वर्ष शिकायचं, दुसरं जिंकायचं. नव्या गटातला पहिला रविवार त्यानं कधीच जिंकला नव्हता.

२००३ च्या पहिल्या रविवारबद्दल बोलताना विजयाची गोष्ट मागे ठेवायला हवी. ६ एप्रिलला सुझुकात तिसऱ्या फेरीत दाइजिरो कातो हा रायडर भिंतीवर आदळला आणि दोन आठवड्यांनी गेला. सव्वीस वर्षांचा होता. रॉसी त्या दिवशी जिंकला, पण ती शर्यत कातोच्या नावानंच लक्षात राहिली. मोटोजीपी त्यानंतर सुझुकाला पुन्हा गेलीच नाही. या खेळात मोसमाची सुरुवात म्हणजे नुसता उत्सव नसतो, हे तरुण पोरांच्या आईबापांना कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

आणि मग २००४. लागोपाठ तीन वर्षं होंडावर विश्वविजेता झालेला रॉसी यामाहाकडे गेला. २००३ च्या अख्ख्या मोसमात यामाहाला व्यासपीठावर एकच जागा मिळाली होती. होंडाशी करार डिसेंबरअखेरपर्यंत असल्यानं नवी गाडी त्याच्या हाती जानेवारीतच आली. सोबत जेरेमी बर्जेस हा ऑस्ट्रेलियन मुख्य मेकॅनिक आणि त्याची माणसं होती. यामाहाचे अभियंते मासाओ फुरुसावा यांनी चार प्रकारची इंजिनं समोर ठेवली. रॉसीनं निवडलं ते असमान अंतरानं ठिणगी पडणारं. त्याची ताकद एकसारखी रेटत नाही, त्यामुळे मागच्या टायरला पकडीची उसंत मिळते आणि वळणातून निघताना थ्रॉटल किती उघडायचा ते मनगटाला कळतं. सर्वात ताकदवान इंजिन सोडून सर्वात समजणारं निवडण्याचा हा निर्णय त्याच्या कुठल्याही ओव्हरटेकपेक्षा मोठा आहे.

१८ एप्रिल २००४ ला पुन्हा वेल्कम. चार वर्षांपूर्वी जिथं तो पडला होता तेच सर्किट. पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, त्याचा. पिटमधून निघताना नेहमीप्रमाणे तो गाडीशेजारी उकिडवा बसला, उजवा फूटपेग धरून क्षणभर मान खाली घातली. मग अठ्ठावीस फेऱ्या बियाजीशी झुंज. बियाजी होंडावर, म्हणजे सरळ रस्त्यावर पुढे. वळणात रॉसी पुढे. शेवटी अंतर राहिलं ०.२१० सेकंदाचं. विजयाच्या फेरीत त्यानं गाडी कडेला लावली, कुंपणाला टेकून तिच्याजवळ खाली बसला आणि नंतर तिचा मुका घेतला. मुख्य गटात लागोपाठच्या दोन शर्यती दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर जिंकणारा तो पहिलाच. मोटरसायकल शर्यतींच्या इतिहासात मोसमाचा याहून मोठा पहिला रविवार झालेला नाही.

पहिल्या रविवारचे गुण वर्षअखेरीसही तितकेच मोलाचे असतात. २००६ मध्ये हेरेसच्या पहिल्याच वळणावर टोनी एलियास मागून आदळला. रॉसी उठून चौदावा आला आणि दोन गुण मिळाले. त्या वर्षी निकी हेडननं विजेतेपद नेलं ते पाच गुणांनी. २०११ मध्ये तो डुकाटीवर गेला, कतारला सातवा आला, आणि त्या गाडीवर दोन वर्षांत एकही शर्यत त्याला जिंकता आली नाही. २०१३ मध्ये यामाहावर परतला, तेव्हा कतारला दुसऱ्या जागेसाठी त्याला झुंजवणारा वीस वर्षांचा मार्क मार्केझ मोटोजीपीतली पहिलीच शर्यत धावत होता. २०१५ ला तो छत्तिसाव्या वर्षी कतारला जिंकला. पहिल्या रविवारचा तो त्याचा शेवटचा विजय.

२८ मार्च २०२१ ला कतारमध्ये बेचाळीस वर्षांचा रॉसी बारावा आला. त्याच रात्री पोलवरून सुटून तिसरा आला तो त्याच्याच अकादमीत घडलेला फ्रान्चेस्को बान्याया, जो पुढे दोनदा विश्वविजेता झाला. आणि त्याच दिवशी मोटो-३ गटात पेद्रो अकोस्टा नावाचा सोळा वर्षांचा स्पॅनिश मुलगा आपल्या पहिल्या शर्यतीत दुसरा आला. मासेमाऱ्याचा पोरगा, २००४ च्या वेल्कमच्या शर्यतीनंतर महिनाभरानं जन्मलेला. आठवड्यानं त्याच सर्किटवर त्याला सरावात रेंगाळल्याबद्दल शिक्षा म्हणून पिट लेनमधून सुटावं लागलं. तिथून, सगळ्यांच्या मागून येऊन, तो जिंकला, आणि वर्षअखेर विजेताही झाला. ऑगस्टमध्ये रॉसीनं निवृत्ती जाहीर केली.

पुढच्या मोसमाच्या पहिल्या रविवारी मोटोजीपीची मुख्य शर्यत लागायच्या दोन-तीन तास आधीच टीव्ही लावा. मोटो-३ ची शर्यत तेव्हा असते. त्यातल्या नव्या पोरांची नावं लिहून ठेवा आणि पहिल्या दहांत नसलेल्यांचीही वर्षभर खबर घेत राहा.