डिनर ऑन डेक : सूर्यास्त विसरा, चंद्र बुक करा!

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गेटवेवरून सुटणाऱ्या ‘सनसेट डिनर क्रूझ’मध्ये समुद्रात बुडणारा सूर्य दिसत नाही. दिसणार कसा? मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला आहे आणि सूर्याने पश्चिमेला मावळायची सवय अजून तरी सोडलेली नाही. पाण्यात बुडणारा लालभडक गोळाच हवा असेल तर मरीन ड्राइव्हचा कट्टा आहे की, तोही फुकट! गेटवेच्या बाजूला सूर्य जातो तो ताजच्या घुमटामागे आणि कुलाब्याच्या गच्च्यांवरच्या टाक्यांमागे. जाहिरातीतला फोटो मग कुठल्या समुद्राचा, ते मला विचारू नका.

तरीही जा. कारण याच हिशेबाने चंद्र मात्र पाण्याच्या बाजूने उगवतो. पौर्णिमेच्या आसपास, घारापुरी-उरणच्या बाजूने, आधी तांबूस आणि मग एकदम पिवळाधमक. आणि ही गोष्ट एकाही पॅकेजच्या नावात नसते.

‘डिनर क्रूझ’ म्हणजे नक्की काय, तर आपल्याकडे तीन-चार वेगवेगळ्या प्रकारांना हे एकच नाव आहे. मोठी डबलडेकर बोट असते, माणशी तिकीट, वर डीजे, खाली बुफे. मोटर याट असते, तासावर भाड्याने, वाढदिवसाच्या केकसकट. आणि शिडाची छोटी बोट असते, त्यात सहा-आठ जण, एक तांडेल, एक खलाशी आणि डबे. मी दोन टोकांचे दोन अनुभव घेतलेत. पहिला एका मोठ्या बोटीवरचा. नाव सांगत नाही, पण पनीर टिक्का थंड, स्पीकर गरम आणि दोन तासांत बोट कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही, कारण सगळे आतल्या एलईडी लाइट्सकडे बघत होते. अहो, हेच करायचं तर लोअर परळला काय वाईट आहे? निदान तिथे पार्किंग तरी मिळतं (बरं, नाही मिळत).

दुसरा अनुभव शिडाच्या बोटीचा. मैत्रिणीच्या ऑफिसमधली सात जणांची गँग, एकीचं प्रमोशन, आणि मी नेहमीप्रमाणे घुसलेली. इथून पुढचं सगळं त्या संध्याकाळीबद्दल आहे, कारण खरी मजा तिथे आली.

भरतीचं गणित

बुकिंग करताना आम्ही पौर्णिमेची तारीख आणि संध्याकाळी सहाची वेळ मागितली. फोनवर पलीकडे तांडेलकाका होते. म्हणाले, “सहाला चाललं, ताई, पन पानी नसंल. पायऱ्या उतराव्या लागतील, चपला नीट घाला.”

पाणी नसेल म्हणजे? तेव्हा त्यांनी जे गणित सांगितलं ते कोकणकिनाऱ्यावर शाळकरी पोरांनाही येतं. आम्हा लोकलच्या टाइमटेबलवाल्यांना ते नवीन. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, उत्तर येतं सव्वाअकरा. त्यात तासाभराचा फरक धरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे ज्या संध्याकाळी चंद्र पूर्ण, त्याच संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली! शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक तीन-चार मीटरपर्यंत जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा हा फरक बराच कमी, चढणं-उतरणं सोपं. पण पूर्ण चंद्र नाही. दोन्ही एकदम मिळत नाही, बॉस!

आम्ही चंद्र निवडला. मग गेटवेजवळच्या धक्क्याच्या खालच्या, एरवी पाण्यात असणाऱ्या, शेवाळलेल्या पायऱ्या उतरायच्या. तिथून एका बोटीत, तिच्यावरून दुसऱ्या बोटीत, आणि मग आपल्या बोटीत. कारण बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात. प्रमोशनवाल्या मुलीने नवे हिल्स घातले होते. ते तिने हातात घेतले आणि अनवाणी उतरली. फ्लोटर्स घाला, दोन्ही हात मोकळे ठेवा, आणि खलाशी हात पुढे करेल तेव्हा “नो, आय अ‍ॅम फाइन” म्हणू नका. गेटवेच्या आवारात शिरताना बॅगा तपासल्या जातात, त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा.

सीझन म्हणजे पावसाळा सोडून. जून ते ऑगस्ट छोट्या बोटींची ही वाहतूक बंद असते. माझ्या मते सगळ्यात बेस्ट दिवस कोजागिरी. गच्चीवर आटवायचं ते मसाला दूध थर्मासमध्ये भरून बोटीवर न्या. एकदम झकास! डिसेंबर-जानेवारीत गारवा मस्त असतो, पण हल्ली धुरकटही तितकंच असतं.

पाठमोरी मुंबई? नाही, समोरची!

बोट सुटली की सगळे पुढे बघतात. तुम्ही मागे बघा. ऑफिसला जाताना बेस्टच्या खिडकीतून आपण जी मुंबई बघतो ती पाठीमागची. शंभर वर्षांपूर्वी बोटीने येणाऱ्याला शहर दिसायचं ते या बाजूने. डावीकडे ताज, त्याच्या शेजारी त्याचा टॉवर, मग गेटवे. यातलं आधीचं कोण, यावर आमच्या बोटीत पैज लागली आणि चार जण हरले. ताज १९०३ चं, गेटवे त्यानंतर एकवीस वर्षांनी, ४ डिसेंबर १९२४ ला खुलं झालं. ज्या पाचव्या जॉर्जच्या आगमनासाठी ही कमान, तो १९११ मध्ये आला तेव्हा इथे दगडी कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीखालून बाहेर पडली. ताजच्या मूळ आराखड्यात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा हात होता, हे मात्र पैजेतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं आणि आर्किटेक्टने जीव दिला, ही कॉलेजपासून ऐकलेली स्टोरी आहे ना, ती दंतकथा आहे. सोडून द्या.

उजवीकडे नौदलाची गोदी. तिथे बोट लांबून जाते आणि कॅमेरे खाली ठेवायला सांगतात. ठेवा. वाद घालू नका.

अंधार पडायला लागला की खरा शो सुरू होतो. नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं दिवसा गंजकी दिसतात, रात्री दिव्यांमुळे पाण्यात उभ्या केलेल्या बिल्डिंगांसारखी. समोर जवाहर द्वीप, म्हणजे बुचर आयलंड. तिथे तेलवाहू जहाजं लागतात, उतरायची परवानगी नाही. पलीकडे न्हावा शेवाचा झगमगाट. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अटल सेतूच्या दिव्यांची रांगही लागते. १२ जानेवारी २०२४ ला तो सुरू झाला, २१.८ किलोमीटर.

पण मला जे दिवे लक्षात राहिले ते याहून फार थोडे होते. घारापुरीचे. लेणी बघायला आपण सगळे गेलोय, दुपारची बोट, मक्याचं कणीस, माकडं. पण बेटावर तीन वस्त्या आहेत, राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर. आणि तिथे कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून! त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग अंधार. ताजच्या लायटिंगपासून बोटीने फक्त तासाभरावर. तांडेलकाका म्हणाले, “आधी ह्या बाजूला रातचं काय दिसायचंच नाय. डोंगर कुठं संपला नि आभाळ कुठं लागलं, कलायचं नाय.” ज्या आठ-दहा मिणमिणत्या ठिपक्यांकडे आमचा फोटोग्राफर ढुंकूनही बघत नव्हता, ते त्यांच्या दृष्टीने नवे होते.

आता डिनर. जेवण बोटीवर शिजत नाही. डबे आणि ट्रे किनाऱ्यावरून येतात, त्यामुळे ‘लाइव्ह काउंटर’ वगैरे स्वप्नं मोठ्या बोटींपुरती. छोट्या बोटीत ग्रेव्ही हा शत्रू. रोल, कबाब, सॅण्डविच, कटलेट, जे एका हाताने खाता येतं ते न्या, कारण दुसऱ्या हाताने दोरी धरलेली असते. एकाने बिर्याणी आणली होती. ती फार चविष्ट होती आणि अर्धी माझ्या जीन्सवर होती. पोट हलकं असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, चालत्या बोटीत जितकं ढवळतं त्यापेक्षा नांगर टाकून उभ्या बोटीत जास्त ढवळतं. नेमका जेवायलाच नांगर टाकतात! म्हणून आधी थोडं खा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, दूरच्या दिव्याकडे बघत बसा. आणि दारूचं विचाराल तर बोटीवर कायदा बदलत नाही. महाराष्ट्रात परमिट लागतं, वय बिअर-वाइनला २१ आणि बाकीच्याला २५. बऱ्याच छोट्या बोटींवर सरळ ‘नाही’ म्हणतात. माझं मत विचाराल तर बरंच करतात. कारण परत त्याच पायऱ्या चढायच्या असतात.

बुकिंगआधी भाव विचारताना तीन-चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. भाडं माणशी की पूर्ण बोटीचं? तास कधीपासून मोजणार, ठरलेल्या वेळेपासून की दोर सुटल्यापासून? जीएसटी आत की वर? हवा पडली आणि शीड लोंबकळलं तर काय? (आमचं वीस मिनिटं लोंबकळलं. त्या वीस मिनिटांत कुणीच बोललं नाही, आणि आयटीवाल्या सात जणांच्या बाबतीत हा विक्रम असावा.)

एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८ डिसेंबर २०२४ ला, दुपारी चारच्या सुमाराला, भर उजेडात, घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जण गेले. याच पाण्यात, जिथे आपण केक कापतो. त्यानंतर गेटवेवरच्या बोटींत लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. तरी होतं काय, सुटताना सगळे घालतात आणि पाच मिनिटांत “फोटोत केशरी ढोल दिसतोय” म्हणून काढतात. आमच्याही बोटीत दोघांनी काढलं. तांडेलकाकांनी काहीच लेक्चर दिलं नाही. खलाशाला खूण केली, शीड उतरवलं आणि बोट थांबली. विचारलं तर म्हणाले, “घाला, मंग जाऊ.” घातलं. बोटीवर प्रवासीक्षमता लिहिलेली असते. चढताना डोकी मोजा, जास्त असतील तर उतरा, पैसे गेले तरी. जॅकेट अंगाला बसतंय का, बकल लागतंय का, हे धक्क्यावरच बघा. ज्या ऑपरेटरला हे प्रश्न विचारल्यावर राग येतो, त्याच्याकडे जाऊ नका.

हे सगळं पुढे कदाचित सोपं होईल. रेडिओ क्लबजवळ नवी मोठी जेट्टी बांधायचं ठरलंय. कुलाब्याच्या रहिवाशांनी तिला विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२५ मध्ये हायकोर्टाने प्रकल्पाला वाट मोकळी करून दिली. रहिवाशांची गर्दीची भीती खोटी नाही. पण दोनशे माणसं शेवाळावरून उड्या मारत बोटीत चढतात, हेही काही भूषण नव्हे. मला विचाराल तर जेट्टी हवी, डीजे नको.

चंद्र त्या दिवशी साडेसहाच्या पुढे दिसला. आधी वाटलं कुठल्या तरी जहाजाला सर्चलाइट आहे. मग तो वाढत गेला, घारापुरीच्या डोंगरापासून आमच्या बोटीपर्यंत पाण्यावर पट्टा पडला, आणि प्रमोशनवाली मुलगी म्हणाली, “हे फोटोत येत नाहीये यार.” खरंच येत नाही. मोबाइलमध्ये तो शर्टाच्या बटणाएवढा दिसतो.

परतायला साडेनऊ वाजले. धक्क्याला लागलो तर जिथे उतरलो होतो त्या शेवाळलेल्या पायऱ्या गायब! पाणी इतकं वर आलेलं की बोटीची कड आणि वरच्या कोरड्या पायऱ्या जवळजवळ एका लेव्हलला. हिल्सवालीने बोटीतच हिल्स चढवले आणि खलाशाचा हात धरून एका पावलात मुंबईत उतरली. भूक उरली होतीच. ताजच्या मागच्या गल्लीत कबाबचा धूर सुटलेला असतो, तिकडे वळलो.