अंधाराची नातीगोती

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत भाड्याच्या खोल्यांपुढून रात्री दहानंतर चपलांचे आवाज वाढू लागतात. तिसऱ्या पाळीचे लोक डबे घेऊन कंपनीच्या बसकडे निघालेले असतात. आतून कडी लागते आणि खोलीत आई नि चार वर्षांची लेक अशा दोघीच उरतात. आजी लातूरकडे, मामा नांदेडला. अशात लाइट गेली तर? मग उशाखालचं पुस्तक निघतं. चित्रांचं, यमकांचं, कोपरे दुमडलेलं, एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं.

आई ओळ म्हणत जाते आणि शेवटच्या शब्दाशी मुद्दाम थांबते. तो शब्द लेक म्हणते. तिला अक्षरओळख नाही, पण यमकाने पुढचं आधीच तिच्या कानात सांगून ठेवलेलं असतं. एरवी अंधाराची भीती वाटते, कारण पुढे काय येईल ते कळत नाही. इथे मात्र ते तिला आईच्या आधी कळतं. एका हाताने तिने आईचा पदर धरलेला असतो, दुसऱ्या हाताचं बोट चित्रातल्या बागुलबुवाच्या थेट नाकावर, आणि आवाज खणखणीत.

मराठीत मुलांच्या कवितेला हा मोकळा आवाज देणाऱ्यांत विंदा करंदीकरांचं नाव फार वरचं. त्यांची ‘राणीची बाग’ १९६१ सालची. पुढे ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ आलं. नुसतं नाव पाहावं: भुतांच्या आधी मावशी!

मराठी घरांची ही रीत जुनीच आहे. चंद्र हाती लागत नाही, म्हणून तो चांदोमामा. वाघाची धास्ती वाटते, तर घरातली मांजर त्याची मावशी. चिमणीसुद्धा चिऊताई. जे दूरचं, जे भयाचं, त्याला आधी नात्यात ओढायचं. मग त्याला घाबरण्याचं कारण उरत नाही. पिंपरी-चिंचवडच्या घरांना ही रीत फार लागते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग भोसरी, आकुर्डी करत कारखाने चाकणपर्यंत पोचले. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसं कामाला आली. मामा, मावश्या गावाकडे राहिल्या.

भीतीवर दुसरा उतारा शौर्याच्या गोष्टीचा, आणि ती शोधायला लांब जायला नको. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. त्याचे अवशेष आजही गावात आहेत, आणि मुलांनी ते पाहायलाच हवेत. पण वेढा, सुरुंग या गोष्टी जरा मोठं झाल्यावरच्या. चार वर्षांच्या पोरीला हिरकणी लगेच कळते. रायगडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हं बाळ, म्हणून रात्री कडा उतरून गेलेली गवळण. या लोककथेत शूर माणूस लढाईला जात नाही, घरी येतो. पाळण्यातल्या बाळाने काहीही केलेलं नसतं, तरी सगळी गोष्ट त्याच्याच दिशेने उतरत येते. हे ऐकताना लेक एकदा दाराकडे बघून घेते.

हिरकणी तिच्या ओळखीचीही आहे. एसटीच्या निमआराम गाडीचं नाव तेच, आणि बसस्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी असते ती खोलीही हिरकणी कक्ष. वल्लभनगरच्या स्थानकावरून आजीकडे जाताना गाडीवरचं नाव आईने तिला वाचून दाखवलेलं आहे.

सकाळी साडेसातला कडी वाजते. बाबांनी हात धुतले तरी ऑइलचा वास मागे राहतोच. ती पुस्तक घेऊन त्यांच्या मांडीवर चढते. बाबा भिंतीला टेकून पहिली ओळ म्हणतात, दुसरी अर्धी होते आणि त्यांचे डोळे मिटतात. राहिलेला शब्द ती हळू आवाजात म्हणते, आणि पान उलटते.