एका ‘गाय’ची कुळकथा

आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी सभेत बोलावयास उभी राहिली की ‘हाय गाइज’ असे म्हणतात, आणि त्यात मुलींनाही सामावून घेतात. शब्दाचे एकवचन ‘गाय’. मराठी कानाला प्रथम गोठाच आठवावा! परंतु त्याचे मूळ एका कॅथोलिक माणसाच्या फाशीपर्यंत जाते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

गाय फॉक्स १५७० साली यॉर्क येथे जन्मला. पुढे त्याने कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली व स्पेनच्या सैन्यात चाकरी केली. त्याच्या मायदेशी त्या काळी मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा होता. (‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर स्टीफन्स हे त्याच इंग्लंडचे, ते तेव्हा गोव्यात होते.) राजा पहिला जेम्स याला पार्लमेंटसह उडवून देण्याचा कट रचला रॉबर्ट केट्सबीने, पण ४ नोव्हेंबर १६०५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास दारूच्या ३६ पिंपांपाशी सापडला तो फॉक्स. म्हणून नाव त्याचे राहिले. त्याला आम्ही हुतात्मा म्हणणार नाही. एका ठिणगीने शेकडो जीव घेऊ पाहणारा हुतात्मा कसला? त्याच्या कृत्याची किंमत निरपराध कुटुंबांनी मोजली. १६०६ च्या कायद्याने कॅथोलिकांना वकिली व वैद्यकी बंद झाली. पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क मिळावयास तर १८२९ साल उजाडले.

दर ५ नोव्हेंबरला होळ्या पेटू लागल्या. मुले जुन्या कपड्यांत पेंढा भरून फॉक्सचा पुतळा करीत, त्याच्यासाठी दारोदार पेनी मागत व रात्री तो जाळीत. हा पुतळा म्हणजे ‘गाय’. मग एकोणिसाव्या शतकात गबाळ्या, विचित्र वेषाच्या माणसाला ‘गाय’ म्हणू लागले. कोणाची टर उडविणे याला त्याचेच क्रियापद झाले. अमेरिकेत मात्र शब्दातील कुचेष्टा गळून पडली व कोणताही साधा माणूस ‘गाय’ ठरला. अनेकवचनात तर आता स्त्रीपुरुष हा भेदही उरलेला नाही. तंबूच्या तणाव्यालाही इंग्रजीत ‘गाय’ म्हणतात खरे, पण तो शब्द जुन्या फ्रेंचमधील वाट दाखविण्याच्या क्रियापदावरून आलेला. त्याचा फॉक्सशी काही संबंध नाही.

होळीची प्रथा इंग्लंडमध्ये अजून आहे. यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत मात्र फॉक्सचा पुतळा जाळीत नाहीत. तो त्यांचा माजी विद्यार्थी.