आमगावात बोटीचा टेलिव्हिजन

गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी धरली की थोड्याच वेळात आमगाव येते. दिवाळीचे दिवस, दोहों बाजूंना धानाची कापणी चाललेली. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने सुमारे १,००० किलोमीटर. तरी यंदा ताईच्या घरी चर्चा रंगली ती बोटीवरच्या टेलिव्हिजनची! भाचा ससून डॉकच्या एका ट्रॉलरवर कामाला आहे ना!

त्याला हवा होता मोठा पडदा. ट्रॅक्टरवाल्यांना बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानदाराने आधी विचारले, "बोटीवर व्होल्ट किती?"

"बारा."

मग हिशेब झाला. बारा व्होल्टवर थेट चालणारा २४ वॉटचा लहान संच २ अँपिअर वीज घेतो. रोज चार तास लावला तर ८ अँपिअर-तास. घरगुती संचाला इन्व्हर्टर हवा, त्यात आणखी वीज जाते. शिवाय डोलत्या बोटीवर साध्या डिशचा नेम चुकतो. तेव्हा पेनड्राइव्हवरचे सिनेमेच बरे.

ताई इतका वेळ गप्प होती. "अरे, वायरलेसही त्याच बॅटरीवर ना?"

आम्ही मामा-भाचे वरमलो. अखेर पडदा लहान घेतला. उरलेल्या पैशांत टेलिव्हिजनपुरती वेगळी बॅटरी आली, तेव्हा कुठे ताईने फराळाचे ताट पुढे केले.